आखाजीच्या सुट्टीतला पहिला गेम

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, सोबत सातवीतली भाचीही आली. सकाळी झोका, जेवणात आमरस, आणि दुपारी उन्हानं सगळं गाव दारं लावून बसलेलं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या दिवसांत दुपारी बाहेर पडायची सोय नसते. तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. "मामा, मला गेम बनवायचाय." वहीची चार पानं भरलेली होती. मोठं शहर, गाड्या, बंदुका, एकाच वेळी शंभर खेळाडू, रात्र, पाऊस, दुकानं. मी चारही पानं वाचली आणि वही जपून ठेवायला सांगितली. म्हटलं, "हे पुढे नक्की करू. आधी तू परत जायच्या आत पूर्ण होईल असं काहीतरी."

तिचा चेहरा पडला. पण सुट्टी संपताना तिच्या पेनड्राइव्हमध्ये एक चालणारा गेम होता, आणि तो घरातल्या सगळ्यांनी खेळून झाला होता. तो कसा तयार झाला ते इथे क्रमानं सांगतो. तू आठ-दहा वर्षांपासून पुढचा कुणीही असशील आणि कोडिंगचा एक शब्दही येत नसेल, तरी हे तुला जमेल. पालक वाचत असतील तर त्यांना एकच विनंती, माउस मुलाच्या हातात राहू द्या.

पहिला गेम केवढा असावा

१९७२ साली अमेरिकेत अटारी नावाच्या नव्या कंपनीत ॲलन अल्कॉर्न नावाचा तरुण इंजिनिअर कामाला लागला. त्याला गेम बनवायचा अनुभव नव्हता. म्हणून नोलन बुशनेल या मालकानं त्याला हात बसावा म्हणून एक सराव दिला: दोन पट्ट्या, मधे एक चेंडू, वर दोघांचे गुण. तो सराव म्हणजेच पुढे जगभर गाजलेला पाँग. त्यात न शहर होतं न गाड्या. अल्कॉर्ननं स्वतःच्या डोक्यानं एक भर घातली, चेंडू जितका वेळ खेळात राहील तितका त्याचा वेग वाढायचा. ही युक्ती आपण पुढे वापरणार आहोत.

पहिल्या गेमसाठी माझं माप असं आहे: गेम दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. एका वाक्यात खेळाडू काय करतो, दुसऱ्यात तो कधी हरतो. तिसरं वाक्य लागलं तर गेम मोठा झाला.

भाचीला मी विचारलं, "वादळ सुटल्यावर तुम्ही पोरं काय करता?" ती लगेच म्हणाली, "कैऱ्या वेचायला पळतो." "आणि गारा पडायला लागल्या तर?" "डोक्यावर टोपली धरून घरी." झाला गेम. टोपलीनं पडत्या कैऱ्या झेलायच्या. तीन गारा लागल्या की खेळ संपला.

तुझ्या गावात काहीतरी वेगळं असेल. रावेर-यावलकडचा असशील तर केळीच्या बागा, नंदुरबारकडचा असशील तर मिरची. पण वरून काहीतरी पडतं आणि खालून ते झेलायचं, हा सांगाडा पहिल्या गेमसाठी तसाच ठेव. त्यात हालचाल, टक्कर, गुण आणि शेवट हे चारही धडे येतात.

कागदावर आधी खेळून बघ

संगणक चालू करायच्या आधी वहीच्या पानावर आडवा चौकोन काढ. आगपेटीची डबी म्हणजे टोपली, चिंचोके म्हणजे कैऱ्या, खडे म्हणजे गारा. एकानं वरून चिंचोके आणि खडे खाली सरकवायचे, दुसऱ्यानं डबी डावी-उजवीकडे न्यायची. दहा मिनिटं खेळा. आमच्या या खेळात दोन प्रश्न निघाले जे चार पानांच्या वहीत नव्हते. कैरी खाली पडून गेली तर काय? आणि टोपली चौकटीबाहेर गेली तर? उत्तरं तिनंच ठरवली: कैरी सुटली तर शिक्षा नाही, आणि टोपली कडेला थांबेल. कागदावर उत्तर बदलायला खोडरबर पुरतं.

कशावर बनवायचा

स्क्रॅचवर. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या गटानं ते मुलांसाठी तयार केलं. २००७ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि ते फुकट आहे. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे असतात, ते एकात एक अडकवायचे. स्पेलिंग चुकून गेम बंद पडला असं होत नाही. इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलासाठी हे मला फार मोलाचं वाटतं.

संगणक किंवा लॅपटॉप हवा. टॅबलेटवरही जमतं, मोबाईलच्या छोट्या पडद्यावर मात्र ठोकळे ओढताना बोटं अडखळतात. घरी संगणक नसेल तर शाळेच्या संगणक कक्षासाठी सरांना विचार. ब्राउझरमध्ये स्क्रॅचच्या संकेतस्थळावर जाऊन 'क्रिएट' दाबलं की काम सुरू, खातं उघडायची गरज नाही. पण गावात नेटचा भरवसा नसतो, म्हणून स्क्रॅचचं ॲप एकदाच डाउनलोड करून ठेव, मग नेट नसलं तरी चालतं.

आणि सेव्ह! पहिल्याच संध्याकाळी दोन तास काम झाल्यावर लाईट गेली. आमच्या संगणकाला बॅटरी नाही. पोरगी रडली नाही, पण बराच वेळ गप्प बसली. तेव्हापासून आमचा नियम: एक गोष्ट चालायला लागली की लगेच 'फाइल'मध्ये जाऊन 'सेव्ह टू युवर कॉम्प्युटर'. आणि दर वेळी नवं नाव, कैरी१, कैरी२, कैरी३. नंतर काही बिघडलं तर मागच्या फाइलवर परत येता येतं.

पडदा समजून घे

स्क्रॅच उघडल्यावर डावीकडे ठोकळे, मधे ते जोडायची मोकळी जागा, उजवीकडे वर रंगमंच आणि त्याखाली पात्रांची यादी. पात्राला स्प्राईट म्हणतात. मांजर आधीपासून असते. तिच्या चित्रावरच्या कचरापेटीवर क्लिक करून तिला रजा दे.

रंगमंच ४८० रुंद आणि ३६० उंच. बरोबर मधला बिंदू शून्य. उजवीकडे एक्स २४० पर्यंत, डावीकडे उणे २४० पर्यंत. वर वाय १८०, खाली उणे १८०. सातवीत आलेख कागद वापरला असेल तर हे तेच आहे. नसेल वापरला तर एवढंच धर: एक्स म्हणजे आडवं, वाय म्हणजे उभं.

टोपली

पात्रांच्या यादीखालच्या गोल बटनावर माउस नेला की ब्रशचं चिन्ह दिसतं. ते निवड आणि टोपली स्वतः काढ. वाकडी आली तरी चालेल. फक्त चित्रफलकाच्या मधोमध बारीक खूण असते, टोपली त्या खुणेवर काढ. कोपऱ्यात काढली तर संगणक तिचं ठिकाण त्या खुणेपासून मोजतो आणि पुढे सगळी गणितं चुकतात. नाव दे 'टोपली'.

आता कोडच्या जागेत हे ठोकळे जोड:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
गो टू एक्स: ०, वाय: −१४०
फॉरएव्हर
— इफ की राईट ॲरो प्रेस्ड, देन चेंज एक्स बाय १०
— इफ की लेफ्ट ॲरो प्रेस्ड, देन चेंज एक्स बाय −१०

हिरवा झेंडा दाब आणि बाणांची बटनं दाबून बघ.

इथे भाचीची टोपली हललीच नाही. तिनं दोन्ही 'इफ' जोडले होते, पण 'फॉरएव्हर' घेतलाच नव्हता. तिनं बाण दाबला, पुन्हा दाबला, मग माझ्याकडे बघितलं. मी उत्तर दिलं नाही. विचारलं, "रात्री शेताची राखण करणारा माणूस एकदाच वावरात नजर टाकून झोपला तर?" ती हसली. "मग डुकरं खातील ना सगळं." "तुझा संगणक तेच करतोय. झेंडा दाबल्याबरोबर त्यानं एकदा बघितलं बाण दाबलाय का. नव्हता दाबलेला. तो झोपला." तिनं 'फॉरएव्हर' शोधला, दोन्ही 'इफ' त्याच्या पोटात घातले, टोपली पळायला लागली. गेम म्हणजे रात्रभर फिरणारा राखणदार. स्क्रॅच सेकंदाला साधारण ३० फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीत पुन्हा विचारतं: बाण दाबलाय का? टक्कर झाली का? हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं.

कैरी

नवा स्प्राईट, नाव 'कैरी'. छोटी काढ. आधी दोन व्हेरिएबल लागतील. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, त्यात एक आकडा राहतो. 'मेक अ व्हेरिएबल' दाबून एकाला 'गुण' आणि दुसऱ्याला 'वेग' नाव दे. नावं मराठीत चालतात. 'फॉर ऑल स्प्राईट्स' निवडलेलं राहू दे.

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
गो टू एक्स: (पिक रँडम −२२० टू २२०), वाय: १७०
फॉरएव्हर
— चेंज वाय बाय (वेग)
— इफ टचिंग टोपली, देन चेंज गुण बाय १, आणि पुन्हा वर जा
— इफ वाय पोझिशन < −१७०, देन पुन्हा वर जा

'पुन्हा वर जा' म्हणजे दुसऱ्या ओळीतलाच 'गो टू' ठोकळा. त्याखाली काही जोडायच्या आधीच त्यावर उजवं क्लिक करून 'डुप्लिकेट' कर, नाहीतर खालचे ठोकळेही सोबत येतात, आणि त्या जागी लाव. म्हणजे आपण शंभर कैऱ्या बनवत नाही. एकच कैरी खाली पोचली की गुपचूप वर जाते आणि नव्या जागेवरून पडते. खेळणाऱ्याला ती दर वेळी नवीच वाटते.

उणे १७० का, उणे १८० का नाही? स्क्रॅच पात्राला रंगमंचाबाहेर पूर्ण जाऊ देत नाही. चित्र छोटं असलं की ते काठावर उणे १८० ला अडतं, आणि "उणे १८० च्या खाली गेलं का" या प्रश्नाचं उत्तर कधीच हो येत नाही. कैरी तळाशी चिकटून बसते. दहा पावलं आधीच विचारलं की ही भानगड होत नाही.

आणखी एक चूक होऊ दे, मुद्दाम. टक्कर झाल्यावर वर पाठवणारा ठोकळा काढून टाक आणि खेळ. एकाच कैरीला आठ, दहा, पंधरा गुण! कारण कैरी टोपलीतून खाली जाईपर्यंत राखणदार दर फेरीला विचारतो "टेकली का?" आणि दर फेरीला उत्तर येतं "हो". ही चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं मूल ती पुन्हा कधी करत नाही. बघून झाली की ठोकळा परत लाव.

सुरुवात एकाच जागी

गुण आणि वेग कुणी ठरवायचे? ते काम कैरीला देऊ नको, टोपलीला देऊ नको. पात्रांच्या यादीशेजारच्या रंगमंचाच्या छोट्या चित्रावर क्लिक कर, त्यालाही स्वतःचा कोड असतो:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
सेट गुण टू ०
सेट वेग टू −४
सेट लाईफ टू ३
फॉरएव्हर
— वेट १० सेकंद
— चेंज वेग बाय −१

'लाईफ' हा तिसरा डबा, तो आता बनव. ही मांडणी विसरलास तर दुसऱ्या डावात गुण मागच्या आकड्यापासून सुरू होतील. माझ्या अनुभवात नवख्यांच्या दहा गेमपैकी निम्म्यांत ही चूक असते.

आता वेगाबद्दल, कारण गेमची खरी चव इथे ठरते. कैरीला १७० वरून उणे १७० पर्यंत ३४० पावलं पडायचंय. वेग उणे ४, म्हणजे दर फेरीला ४ पावलं खाली, असेल तर ८५ फेऱ्या लागतात, म्हणजे पावणेतीन सेकंदांपेक्षा थोडं जास्त. टोपली एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ४४० पावलं जाते, दर फेरीला १०, म्हणजे ४४ फेऱ्या, दीड सेकंद. म्हणजे सुरुवातीला कैरी कुठेही पडो, टोपली पोचतेच. दर दहा सेकंदांनी वेग वाढतो. तिसाव्या सेकंदाला तो उणे ७ होतो, आणि कैरी साधारण दीड सेकंदातच जमिनीला टेकते. टोपली विरुद्ध टोकाला असेल तर आता काठावरचा मामला. त्यानंतर काही कैऱ्या सुटणारच. खेळणारा पुढे झुकून बसतो तो इथून. पाँगच्या चेंडूनं १९७२ मध्ये हेच केलं होतं.

हे आकडे बदलून बघ. वेगाची सुरुवात उणे ८ केली तर लहान भाऊ दोन मिनिटांत उठून जाईल. वाढ अजिबात ठेवली नाही तर तोही कंटाळेल आणि तूही. भाचीनं एका संध्याकाळी फक्त हेच केलं. आकडा बदलायचा, खेळायचं, वहीत लिहायचं. ती संध्याकाळ मला सगळ्यांत जास्त आवडली.

गार

कैरी नीट चालायला लागली, तेव्हाच तिच्यावर उजवं क्लिक करून 'डुप्लिकेट' कर. चित्राबरोबर कोडही येतो. कैरीत चूक शिल्लक असेल तर तीही येईल आणि दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल, म्हणून घाई नको.

नव्या पात्राचं नाव 'गार', चित्र पांढरा गोळा. टोपलीला टेकल्यावर गुण वाढवायच्या ठोकळ्याऐवजी 'चेंज लाईफ बाय −१' लाव. त्याखाली: इफ लाईफ < १, देन स्विच बॅकड्रॉप टू खेळ संपला, मग स्टॉप ऑल. 'खेळ संपला' ही पाटी बॅकड्रॉप, म्हणजे रंगमंचाच्या मागचं चित्र, म्हणून आधी काढून ठेव, आणि रंगमंचाच्या कोडमध्ये सुरुवातीला नेहमीचा बॅकड्रॉप परत लावायला विसरू नको. नाहीतर नवा डाव 'खेळ संपला' दाखवतच सुरू होईल.

झेंडा दाबल्यावर कैरी आणि गार शेजारी-शेजारी एका रांगेत पडताना दिसतील. वादळात असं पडत नाही. गारेच्या कोडमध्ये 'फॉरएव्हर'च्या आधी 'वेट १ सेकंद' घाल, रांग मोडते. जमलं की कैरीची आणखी एक प्रत काढ, तिला दोन सेकंद थांबव. तीनपेक्षा जास्त गोष्टी पहिल्या गेममध्ये पाडू नको.

आवाज शेवटी. 'साउंड'मध्ये माइकवरून रेकॉर्ड करता येतं. आम्ही परातीत कैरी टाकली आणि तो 'टण्' घेतला.

दुसऱ्याच्या हातात दे

हे मुलं टाळतात, आणि मला तर यावाचून गेम पूर्ण झाला असं वाटतच नाही. गेम अशा माणसाला दे ज्यानं तो बनताना बघितलेला नाही. त्याच्या शेजारी बस आणि तोंड बंद ठेव. "आता उजवीकडे ने", "ती गार आहे" असलं काही बोलायचं नाही. तो कुठे अडतो ते वहीत लिही.

आमच्याकडे आजी बसली. चष्मा लावला, पडद्याकडे बघितलं, म्हणाली, "हाई काय शे?" भाचीनं ओठ दाबून धरले. आजीनं एक बोट बाणावर ठेवलं. टोपली हलली तशी ती खूश झाली, आणि मग एकेक करून तिन्ही गारा टोपलीत घेतल्या. खेळ संपला. "कैरी कोठे शे?" तिनं विचारलं. भाचीनं मागे आंब्याचं हिरवंगार झाड रंगवलं होतं आणि त्यावरून हिरवी कैरी पडत होती. आम्हाला ती दिसायची, कारण ती तिथे आहे हे आम्हाला माहीत होतं. आजीला पडद्यावर एकच गोष्ट ठळक दिसली, पांढरी गार. तिनं तीच झेलली.

त्या रात्री भाचीनं झाड पुसून मागे धुळीनं पिवळट झालेलं आभाळ रंगवलं, वादळाच्या आधी आपल्याकडे होतं तसं. कैरीला काळी किनार दिली. सकाळी आजीनं चौदा कैऱ्या झेलल्या आणि शेजारच्या काकूंना बोलावलं.

तीन जणांकडून असं खेळवून घे. वहीतल्या ज्या तक्रारी दोघांच्या सारख्या निघाल्या, तेवढ्याच दुरुस्त कर.

इतरांना देताना

फाइल पेनड्राइव्हवर दिली की ज्याच्याकडे स्क्रॅच आहे त्याच्याकडे गेम चालतो. संकेतस्थळावर टाकायचा असेल तर खातं लागतं. ते आई-वडिलांना सांगून उघड. खात्याच्या नावात खरं नाव, गाव, शाळा, फोन नंबर यातलं काही घालू नको, फोटोही नको. तिथे दुसऱ्यांचे गेम आतून उघडून बघता येतात, ठोकळ्यांसकट. एखादी गोष्ट कशी केली असेल असा प्रश्न पडला की उघडून बघ.

दुसरा गेम यापेक्षा एकाच गोष्टीनं मोठा ठेव. टोपलीऐवजी उडी मारणारा पोरगा, किंवा एकाऐवजी दोन खेळाडू. असे चार-पाच स्क्रॅचवर पूर्ण झाले आणि ठोकळे अपुरे वाटायला लागले की पायथन ही टाइप करून लिहायची कोडिंगची भाषा शिकायला घे, किंवा गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. गोडोही फुकट आहे आणि त्यात मोठे गेम बनतात.

भाची बसनं परत गेली तेव्हा ती चार पानांची वही तिच्या दप्तरात होती. पहिल्या पानावर शहराच्या यादीतल्या 'पाऊस' या शब्दाला तिनं पेन्सिलीनं गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं: वाय, उणे.